अठ्ठ्याहत्तर किलो साखरेची सवलत

सरकारने घरपट्टीत आणि किराणा मालावरच्या करात सवलत जाहीर केली, तेव्हा ग्रंथपाल दाढी करत होते. बातमी रेडिओवर लागली. उजवा गाल झाला होता, डावा फेसात होता. तशाच अवस्थेत वस्तरा हातात घेऊन ते स्वयंपाकघराच्या दारात आले आणि ओरडले, "अगं ऐकलंस का? तुझी खिडकी झाली!"

वहिनी भाजी चिरत होत्या. (ग्रंथपालांच्या बायकोला अख्खी गल्ली वहिनी म्हणते, तेव्हा आपणही तेच म्हणू.) त्यांनी मान वर केली नाही. खिडकी याआधीही चारदा झाली होती. बढतीच्या वेळी झाली, थकबाकी मिळाली तेव्हा झाली, मुलीच्या लग्नानंतर झाली, निवृत्तीला तर अगदी नक्कीच झाली. पण चारही वेळा ती ग्रंथपालांच्या तोंडात झाली, भिंतीत नाही.

स्वयंपाकघराला खिडकी नव्हती, ही या घराची एकमेव पण जबरदस्त उणीव. पुढच्या दोन खोल्या चांगल्या हवेशीर. मागची जी अंगणाची जागा होती ती आधीच्या मालकाने भिंत घालून आणि वर पत्रे टाकून बंद केली आणि तिला स्वयंपाकघर म्हटलं. खिडकी ठेवायची त्याला सुचलं नाही. बहुतेक त्याची बायको माहेरी गेली असताना त्याने ते बांधलं असावं. त्यामुळे वहिनींचा दिवस बावीस वर्षं दिवा लावून सुरू व्हायचा आणि दिवा मालवून संपायचा. तांदूळ निवडायचे झाले तर ताट घेऊन त्या पुढच्या पायरीवर येऊन बसत. बाहेर ऊन आहे की आभाळ आहे, हे त्यांना ग्रंथपालांना विचारावं लागे, आणि ग्रंथपाल वर्तमानपत्रात बघून सांगत.

"राहत्या घराची निम्मी घरपट्टी माफ," ग्रंथपाल फेसासकट सांगू लागले, "आणि तीन महिन्यांच्या किराण्यावरचा कर परत. दोन्हींना मिळून एकच अर्ज. दोन्ही रकमा एकत्र केल्या की झाली खिडकी. गजांसकट!"

"गाल पुसा," वहिनी म्हणाल्या. "भाजीत फेस पडतोय."

आता एवढ्यावर गोष्ट संपली असती, अर्ज भरून झाला असता, पण आठवडाभरात वहिनींचे भाऊ म्हणजे ग्रंथपालांचे मेहुणे येऊन टपकले. मेहुणे विमा विकतात. जगात जे जे काही भरून द्यायचं असतं ते ते त्यांनी आधीच भरून दिलेलं असतं. "माझी मंजूर झाली," त्यांनी चपला काढायच्या आधीच जाहीर केलं. "पाच मिनिटांचं काम. पण भावोजी, तुमच्याच्याने नाही व्हायचं हे. तुम्ही आपली पुस्तकं लावा. आण इकडे ताई, मी भरतो तुमचा अर्ज."

ग्रंथपालांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एकतीस वर्षं त्यांनी ग्रंथालय सांभाळलं होतं आणि एकतीस वर्षांत एकही पुस्तक गहाळ झालं नव्हतं. (एक झालं होतं. तो विषय त्यांच्यासमोर काढायचा नसतो.) "मी असा अर्ज करीन," ते म्हणाले, "की खातं तो नमुना म्हणून काचेत लावून ठेवील." वहिनींनी आतून भांडं जरा जोरात ठेवलं.

त्या दुपारीच कामाला सुरुवात झाली. वहिनी किराण्याच्या पावत्या एका डब्यात टाकत असत. ग्रंथपालांनी डबा उपडा केला आणि ग्रंथालयातून आणलेली जुनी जाड कार्डं काढली. एका कार्डावर एक पावती, पाठीला भरपूर डिंक, वर लाल शाईत क्रमांक. मग वर्गीकरण. पिष्टमय, स्निग्ध, गोड, खारट आणि संकीर्ण. काडेपेटी कशात घालावी यावर त्यांनी अर्धा तास घालवला. शेवटी तिला संकीर्णमध्ये घातलं, पण मनाला पटलं नाही.

हे चाललेलं असताना शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर आले. कोणाच्या घरात कागद पसरलेले असले की त्यांना वास येतो. त्यांनी कार्डं चाळली आणि मान हलवली. "दोन माणसांचा किराणा तो केवढा! त्यावरचा कर म्हणजे किती? तुमच्या खिडकीची कडीसुद्धा यायची नाही."

तेवढ्यात समोरच्या शिंपीणकाकू सुई मागायला आल्या. शिवणाचं दुकान त्यांचं आणि सुई मागायला इथे, पण ते असो. सवलतीचं ऐकून त्या भडकल्याच. "म्हणजे आम्ही साखर खात नाही? आम्ही कर भरत नाही? घर भाड्याचं म्हणून आम्हाला काही नाही? हा कुठला न्याय?"

हा प्रश्न ग्रंथपालांच्या काळजाला भिडला. ते उठून येरझारा घालू लागले. ग्रंथालयात एका कार्डावर सगळं कुटुंब पुस्तकं वाचायचं, त्यांनी कधी हरकत घेतली नव्हती. मग एका अर्जावर सगळ्या गल्लीने सवलत का घेऊ नये? पैसे आले की ज्याचे त्याला वाटून द्यायचे. "आणा पावत्या!" ते म्हणाले. संध्याकाळच्या आत त्यांचं घर धरून पाच घरांच्या पावत्या जमल्या. पोस्टमास्तरांचं घर स्वतःचं होतं, त्यांना वेगळा अर्ज करता आला असता, पण ते म्हणाले, "माझंही तुमच्यातच घाला. मला फॉर्म भरायचा भारी कंटाळा." ज्या माणसाने आयुष्यभर लोकांकडून फॉर्म भरून घेतले, त्याचं हे बोलणं ऐकून ग्रंथपालांनी त्यांच्याकडे दोनदा पाहिलं.

एकशे चौदा कार्डं घेऊन ते कर खात्यात गेले. खिडकीवरच्या कारकुनाने पहिलं कार्ड उलटं केलं. "दुकानाचा शिक्का पावतीच्या मागे असतो. कुठाय?"

"मागे," ग्रंथपाल म्हणाले, "डिंक आहे."

"डिंक चालत नाही," कारकून म्हणाला.

घरी येऊन ग्रंथपालांनी बादलीत कोमट पाणी घेतलं आणि एकशे चौदा कार्डं बुडवली. पावत्या अगदी अलगद सुटल्या, शिक्केही दिसले. फक्त पुढचा मजकूर तेवढा गेला. वहिनी कपडे वाळत घालायला आल्या तेव्हा दोरीवर एकशे चौदा कोरे कागद चिमटे लावून फडफडत होते आणि खाली ग्रंथपाल कपाळावर हात मारून बसले होते. वहिनींनी चिमटे काढायला सुरुवात केली. त्यांना फक्त चिमटे हवे होते.

मग वाण्याकडे जाणं आलं. वाणी म्हणाला, "काका, एकशे चौदा पावत्या पुन्हा कुठे फाडू? तुमची पाच घरं माझ्या वहीत आहेत. सगळ्यांचं मिळून तुमच्या नावाने एकच बिल देतो. पुढे शिक्का, मागे शिक्का, हवा तर मधे शिक्का." त्याने खरंच मधेही मारला. बिलावर एका ओळीत लिहिलं होतं, साखर अठ्ठ्याहत्तर किलो. ग्रंथपालांनी ती ओळ दोनदा वाचली. पण शिक्के इतके सुंदर उठले होते की त्यांनी बिल अर्जाला जोडलं आणि देऊन टाकलं.

आठ दिवसांनी पत्र आलं. अर्ज प्राथमिक छाननीत मंजूर, येत्या मंगळवारी मोजणीदार येऊन घराची मोजणी आणि मालाची पाहणी करतील. ग्रंथपालांनी ते पत्र मेहुण्यांना फोनवर दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा पोस्टमास्तरांना वाचून दाखवत असताना पोस्टमास्तरांनी त्यांचा हात धरला. "मालाची पाहणी! अहो, माल कुठाय तुमच्याकडे?"

खरंच की. घरात साखर होती सव्वा किलो. ग्रंथपालांच्या तोंडचं पाणी पळालं.

"घाबरताय कशाला?" शिंपीणकाकू म्हणाल्या. "आमचा माल आमच्या घरात आहे, तो तुमच्या घरात आणून ठेवू. पाहणी झाली की नेऊ परत. कमी पडेल तो वाण्याकडून उसना आणू."

मंगळवारी सकाळी नऊपासून पोती यायला लागली. पिठाचे डबे, तेलाचे कॅन, तांदळाची पोती आणि साखर, साखर, साखर. पुढची खोली भरली, मधली भरली, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत थप्पी लागली आणि वहिनी पलीकडे अडकल्या. "मला बाहेर यायचंय," त्या म्हणाल्या. "दहा मिनिटं थांब," ग्रंथपाल म्हणाले. त्या दहा मिनिटांचे पुढे अडीच तास झाले.

आणि इथे ग्रंथपालांच्या हातून ती चूक झाली. दुसऱ्या कुणा माणसाच्या हातून ती झालीच नसती. पाच घरांचा माल एकत्र आला म्हणजे सरमिसळ होणार, या विचाराने त्यांना राहवेना. त्यांनी प्रत्येक पोत्याला दोऱ्याने कार्ड बांधलं. मग जाडजूड रजिस्टर काढलं, रकाने आखले. मालाचे नाव, वजन, नेणाऱ्याचे नाव, तारीख, सही. शिंपीणकाकूंना चहाला साखर हवी होती म्हणून त्या स्वतःच्याच पोत्यातून पावशेर काढायला लागल्या, तर ग्रंथपाल म्हणाले, "आधी सही." काकूंनी सही केली. त्यांच्या मागे पिशव्या घेऊन आणखी तिघे उभे राहिले, कारण दुपारचा स्वयंपाक सगळ्यांनाच करायचा होता आणि सगळ्यांचं सामान इथे होतं.

नेमके त्याच वेळी मोजणीदार दारात आले. लांबलचक, किडकिडीत माणूस, काखेत कागद लावायची फळी, हातात टेप. त्यांनी पोत्यांकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं, रजिस्टरकडे पाहिलं.

"बरी गर्दी आहे," ते म्हणाले.

"सगळे आपलेच लोक," ग्रंथपाल म्हणाले. "बसा. त्या पोत्यावर बसा, ते मऊ आहे. पिठाचं आहे."

मोजणीदार बसले. स्वयंपाकघरातून वहिनींनी चहाचा कप थप्पीवर ठेवला, तो हातोहात पोत्यांवरून पुढे आला. मोजणीदारांनी रजिस्टर मागितलं. ग्रंथपालांनी ते अभिमानाने उघडून दिलं. "कोणी काय नेलं, किती नेलं, केव्हा नेलं, सगळं आहे. एकतीस वर्षांची सवय."

"एकतीस वर्षं!" मोजणीदार म्हणाले आणि तेही त्यांनी लिहून घेतलं. "फार व्यवस्थित ठेवलंय हो. बाजारातले मोठे व्यापारीसुद्धा असं ठेवत नाहीत."

ग्रंथपाल लाजले. त्यांनी दुसरा कप मागवला.

शुक्रवारी नोटीस आली. मोजणीच्या नोंदीनुसार सदर जागेत दोन खोल्या असून मागे मोकळी जागा आहे. स्वयंपाकघर नाही. सबब हे राहते घर नव्हे. जागेत साखर वगैरे मालाचा मोठा साठा असून विक्री एकतीस वर्षांपासून चालू आहे. सबब हे गोदाम आहे. सवलत नामंजूर. यापुढे घरपट्टी गोदामाच्या दराने, म्हणजे तिप्पट, का आकारू नये, याचा खुलासा सोमवारी समक्ष येऊन करावा.

मेहुणे हसून हसून खुर्चीवरून खाली आले. "गोदाम! भावोजी, ताईला गोदामात ठेवलंत तुम्ही!" पोस्टमास्तरांनी वकील सुचवला, शिंपीणकाकूंनी उपोषण सुचवलं, आणि मग दोघंही आपापलं उरलेलं सामान चटकन उचलून घेऊन गेले. सही न करता.

वहिनी एकच वाक्य बोलल्या. "म्हणजे खिडकी नाही."

रागावून बोलल्या असत्या तर ग्रंथपालांनी उत्तर दिलं असतं. पण त्या रागावल्या नव्हत्या. भाव विचारून महाग वाटलेली वस्तू माणूस परत ठेवतो, तेवढ्याच साधेपणाने त्या बोलल्या आणि आत जाऊन दिवा लावला. सकाळचे साडेदहा वाजले होते. ग्रंथपालांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. नोटिशीची लाज वाटतच होती, पण त्याहून जास्त लाज त्या दिव्याची वाटली, आणि ती त्यांना बावीस वर्षांत पहिल्यांदा वाटत होती.

शनिवार-रविवार खपून त्यांनी अकरा पानी खुलासा लिहिला. त्यात मानवी संस्कृतीत साखरेचं स्थान यावर तीन पानं होती. सोमवारी निघताना पाहतात तर वहिनी चपला घालून दारात उभ्या. "मी पण येते," त्या म्हणाल्या. "तिथे तरी खिडकी असेल."

अधिकारी बाई चटपटीत होत्या. टेबलावर फायलींचे ढीग, बाजूला मोजणीदार उभे. ग्रंथपालांनी अकरा पानं पुढे केली. बाईंनी ती न वाचताच पेपरवेटखाली सरकवली. "एकच सांगा. स्वयंपाकघर आहे की नाही?"

"आहे तर!" ग्रंथपाल म्हणाले. "उत्तम आहे."

"नोंदीत नाही. म्हणजे मोकळ्या जागेवर बिननोंदीचं बांधकाम. घर तुमच्या नावावर झाल्यापासून बावीस वर्षांचा कर, वर दंड."

"नाही," ग्रंथपाल घाईघाईने म्हणाले. "स्वयंपाकघर नाही."

"स्वयंपाकघर नाही तर ते राहतं घर नाही. म्हणजे गोदाम. तिप्पट कर."

"आहे," ग्रंथपाल म्हणाले.

"दंड."

"नाही."

"गोदाम."

ग्रंथपालांना घाम फुटला. आहे म्हणावं तर दंड, नाही म्हणावं तर गोदाम. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला आणि खरं काय ते भडाभडा सांगून टाकलं. पाच घरं, पावत्या, डिंक, बादली, कार्डं, सह्या, सगळं. "साखर माझी नव्हती हो," ते म्हणाले. "मला मधुमेह आहे."

बाईंच्या ओठांचा कोपरा हलला. "भाडेकरूंसाठी वेगळा गुलाबी अर्ज आहे. दारातच गठ्ठा ठेवलाय. वाचत नाही का तुम्ही?" एकतीस वर्षं ग्रंथालयात काढलेल्या माणसाला हा प्रश्न! ग्रंथपालांनी मान खाली घातली. "तुमच्या वाटच्या किराण्याचा कर परत मिळेल. पण राहतं घर सिद्ध झालं तरच. ते स्वयंपाकघर मात्र..."

"मॅडम," वहिनी पहिल्यांदाच बोलल्या, "मोकळी जागा म्हणजे किती मोकळी लागते?"

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग नियमांचं पुस्तक उघडलं. "एक बाजू निम्म्याहून जास्त उघडी असेल तर ती खोली धरत नाहीत. पडवी धरतात. पडवीवर कर नाही."

"आणि पडवीत शेगडी ठेवलेली चालते?"

बाईंनी पान उलटलं, पुन्हा पहिलं पान उलटलं. "शेगडी घरात कुठे असावी याबद्दल नियम नाही. शेगडी असली आणि रोज पेटत असली की राहतं घर." मग त्या मोजणीदारांकडे वळल्या. "मागच्या जागेत आता काय आहे? तुम्ही आत जाऊन पाहिलं ना?"

मोजणीदार चुळबुळले. "आत जायला वाट नव्हती. पोती होती. मागची मोकळी जागा मी जुन्या नोंदीवरूनच लिहिली."

"मग चहा कुठून आला?"

"पोत्यांवरून आला."

बाईंनी दोन्ही हातांनी चेहरा झाकला. त्यांचे खांदे जरा वेळ हलत होते. मग हात काढून त्या गंभीरपणे म्हणाल्या, "आठ दिवसांनी फेरमोजणी. मोजणीदार येतील त्या दिवशी तिथे जे असेल, ते लिहितील. त्या आधी काय होतं ते कोणीच पाहिलेलं नाही. या आता."

बाहेर पडताना वहिनींनी गुलाबी अर्ज चार घेतले. तीन भाडेकरूंचे, आणि एक लिहिताना चुकेल म्हणून. रस्त्यात ग्रंथपाल म्हणाले, "निम्म्याहून जास्त म्हणजे खिडकी नाही होणार, अगं. जवळजवळ सगळी भिंतच जाईल." वहिनी म्हणाल्या, "जाऊ दे की."

गवंडी आला. त्याच्यामागोमाग सल्लेही आले. मेहुणे म्हणाले, पत्रे डोक्यावर येणार. पोस्टमास्तर म्हणाले, मांजरं येणार. शिंपीणकाकू म्हणाल्या, चोर येणार आणि पातेली नेणार. गवंडी कोणाचंच ऐकत नव्हता, त्याने वर लोखंडी तुळई टाकली, खाली कमरेइतकी भिंत ठेवली आणि मधल्या भागावर घण घातला. पहिली वीट निघाली तेव्हा आत बोटभर उन्हाची तिरीप आली. वहिनी पुढच्या खोलीत कपाटातल्या भांड्यांवर चादर टाकत होत्या, त्या हातातलं काम टाकून आल्या आणि धुळीत तशाच उभ्या राहिल्या. "बाजूला व्हा वहिनी, लागेल," गवंडी म्हणाला. त्या झाल्या नाहीत.

फेरमोजणीच्या दिवशी मोजणीदार आले, या वेळी थेट मागच्या जागेपर्यंत गेले. टेप लावला, उघडी बाजू मोजली, पेटलेल्या शेगडीवर उकळणारं दूध पाहिलं आणि फळीवर लिहिलं, पडवी एक, शेगडी चालू. जाताना त्यांनी हळूच विचारलं, "ते रजिस्टर कुठाय हो?" ग्रंथपालांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

महिन्याभराने मंजुरी आली. घरपट्टी निम्मी, किराण्याचा कर परत. दोन्ही मिळून रक्कम गवंड्याच्या मजुरीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी भरली. मेहुण्यांनी तो हिशेब लगेच करून दाखवला, पण ग्रंथपालांच्या कानावर त्यातलं काही गेलं नाही. मंजुरीचा कागद छातीशी धरून ते मागे निघाले. एवढ्या मोठ्या लढ्यानंतर दोन शब्द बोलणं भागच होतं, आणि ते त्यांनी सकाळपासून मनात जुळवून ठेवले होते.

वहिनी तांदूळ निवडत होत्या. पुढच्या पायरीवर नव्हे, शेगडीशेजारी, पाटावर. ऊन ताटापर्यंत आलं होतं. त्या उजेडात ग्रंथपालांना दिसलं की वहिनींचे कानाजवळचे सगळे केस पांढरे झालेत. हे केव्हा झालं, त्यांना आठवेना. ते उघड्या बाजूला पाठ करून उभे राहिले, घसा खाकरला, कागद उंच धरला.

"तुला सांगतो," ते म्हणाले, "आज या घरात..."

"सरका जरा," वहिनी ताटातून नजर न उचलता म्हणाल्या. "उजेड अडवताय."

ग्रंथपाल सरकले.